हरायला शिकवलेलं यंत्र

मास्तरांनी आयुष्यभर मुलांना बुद्धिबळ शिकवलं आणि गचाळ खेळ पाहून नाक मुरडायची सवय निवृत्तीनंतरही जपली. त्यांचे जावई ज्या कंपनीत होते, तिथे बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणकाला चुका करायला शिकवत. गिऱ्हाइकाला जिंकायचं असतं, पण समोरचा मुद्दाम हरतोय हे त्याला कळता कामा नये. मास्तरांनी ‘माणसासारखं खेळतं’ असा निर्वाळा दिला तरच जावयांची नोकरी टिकेल, असं कंपनीच्या साहेबांनी साफ सांगितलं होतं.

पहिलं यंत्र अर्धा डाव देवासारखं खेळलं आणि मग त्याने वजीर नेऊन प्याद्याच्या तोंडी दिला. मास्तरांनी चहाचा कप दूर सारला. ही चूक नाही, ओकारी आहे, म्हणाले. माणूस हावरटपणाने चुकतो, घाबरून चुकतो, तोऱ्यात चुकतो. उगाच कुणी चुकत नाही, हे त्यांनी जावयांना तासभर ऐकवलं.

महिन्याभराने दुसरं यंत्र तयार झालं. साहेबांच्या खोलीत मास्तर खेळायला बसले. ते पार अडचणीत आले, आणि नेमकं तेव्हाच यंत्राने खूप विचार केल्यासारखं करून घोडा बाजूला घेतला. मागचा हत्ती उघडा पडला. चूक इतकी सभ्य, की हा सापळा आपणच रचला असं मास्तरांना वाटलं. पडद्याकडे गेलेलं बोट मात्र मध्येच थांबलं. हा घोडा ओळखीचा होता. मुलीचं लग्न ठरल्यापासून दर रविवारी, जेवणाआधी, तो त्यांच्याच घरी असा बाजूला होत होता.

“याला कुणाचे डाव शिकवलेत?”

जावई स्वतःच्या बुटांकडे पाहत होते. “आपले, बाबा. मी हरलेले. सगळे पाठच आहेत मला.”

“सगळे मुद्दाम हरलात?”

“पहिला खरंच हरलो होतो. पण तुम्ही इतके खूश झालात, की...”

दर रविवारी जिंकल्यावर ताटावर बसून झोडलेली व्याख्यानं एकेक करून मास्तरांच्या घशाशी आली. साहेबांनी घाईने विचारलं, मग माणसासारखं आहे की नाही?

मास्तरांनी रुमालाने बोट पुसलं. मग पुन्हा पुसलं.

“आहे. यंत्राला इतका लाळघोटेपणा आपण होऊन सुचला नसता.”

साहेबांनी आनंदाने हात पुढे केला. मास्तरांनी आपले दोन्ही हात खिशात घातले.

जिन्यात जावयांनी हळूच विचारलं, “रविवारी येऊ ना, बाबा?”

“या,” मास्तर म्हणाले. “नुसतं जेवायला.”