खुर्चीचे फोटो खरे होते

ताईने कापडाच्या कारखान्यात एकोणचाळीस वर्षं तपासणीचं काम केलं. खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावरून कापडाचा तागा सरकत जायचा आणि ताई त्यातला तुटलेला धागा, सुटलेली गाठ, तेलाचा ठिपका हेरून तिथे खडूची खूण करायची. तिच्या हातून निसटलेला तागा कारखान्यात परत आला, असं क्वचितच घडलं. ती सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. ताई दिसली की भाजीवाली आपणहून टोपली उलटी करून दाखवायची. बूट घेताना ती आत हात घालून शिवण चाचपायची. असली बाई फसेल असं सांगितलं असतं, तर तिला ओळखणाऱ्या कुणीही त्यावर विश्वास ठेवला नसता.

तिचा धाकटा भाऊ मात्र फसण्यात तरबेज होता. तो लोकांना गाडी चालवायला शिकवायचा आणि मोकळ्या वेळात मोबाइलवरच्या लिलावात वस्तू घ्यायचा. एकदा त्याने दुर्बीण मागवली, ती पोचली तेव्हा काड्यापेटीएवढी होती. माप खाली लिहिलेलंच होतं, यानेच वाचलं नव्हतं. त्यानेच ताईच्या मोबाइलवर लिलावाचं ॲप टाकून दिलं. "नुसतं बघत बस. वेळ छान जातो," म्हणाला.

ताई बघत बसली. जुनी घड्याळं, शिवणयंत्रं, पितळी कुलपं. आणि एका सकाळी, चहा हातात असताना, तिला ती खुर्ची दिसली.

'जुन्या सलूनची मूळ खुर्ची. पूर्ण चालू. दुर्मिळ संधी.' खाली पाच फोटो. तिसऱ्या फोटोत खुर्चीचा गोल लोखंडी पाया होता, त्यावर पांढरा काचेसारखा मुलामा, आणि त्या मुलाम्याचा एक टवका उडालेला. मान वळवून बसलेल्या बदकासारखा.

ताईने चहा खाली ठेवला. ते बदक तिनेच केलं होतं. आठ वर्षांची असताना दाढीचं पाणी तापवायची लोखंडी किटली तिच्या हातून निसटली ती थेट तिथे आदळली होती.

बाबांचं सलून म्हणजे एक खोली, दोन आरसे आणि ही एक खुर्ची. बाजूचा दांडा पायाने दाबला की खुर्ची वर चढायची आणि सोडताना 'फुस्स' करून खाली यायची. बसायला गडद लाल कातडं, उन्हाळ्यात मांडीला चिकटणारं. दुकानाच्या काचेला खालून अर्धा पडदा असायचा, त्यामुळे मुलांना बाहेरचं काही दिसायचं नाही. पण सुट्टीच्या दिवशी बाबा दोघांना खुर्चीत शेजारी शेजारी बसवून वर चढवायचे. एक दाब, दुसरा दाब, तिसरा. मग पडद्याच्या कडेवरून रस्ता उगवायचा. समोरच्या चांभाराचं टक्कल, बसचं छप्पर, छपरावर कुणाचा तरी पडलेला चेंडू. धाकटा ओरडायचा, "अजून वर!" आणि बाबा म्हणायचे, "आता छत लागेल डोक्याला, राजे."

तुरटीचा ओलसर वास, पावडरीचा वास, चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा फिरताना होणारा चटक-चटक आवाज. फोटोला वास नसतो हे ताईला माहीत होतं, तरी तिने मोबाइल नाकाजवळ नेला. मग कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून इकडेतिकडे बघितलं.

तिने भावाला फोन केला. तो शिकवणी आटोपून आला, फोटो मोठा करून बराच वेळ बघत राहिला.

"आपलीच आहे," तो म्हणाला.

"आपलीच."

"मग आता जरा थांब. विकणाऱ्याला सांग, आजच्या वर्तमानपत्राशेजारी खुर्ची ठेवून फोटो पाठवा म्हणावं. आणि दांडा दाबतानाचा व्हिडिओ."

"बदक दिसतंय की धडधडीत! अजून कसला पुरावा?"

"ताई, खुर्ची आपली आहे हे दिसतंय. ती याच्याकडे आहे हे कुठे दिसतंय?"

ताईला राग आला. आयुष्यभर ठेचा खाल्लेल्या माणसाने आपल्याला शहाणपण शिकवावं! तरी तिने विचारून पाहिलं. विकणाऱ्याने स्वतःला 'जुना ठेवा' असं नाव दिलं होतं. संध्याकाळी त्याचं उत्तर आलं: 'खूप जण विचारत आहेत. प्रत्येकाला फोटो काढून पाठवायला वेळ नाही. आवडली तर बोली लावा, नाहीतर सोडा.'

हेच उत्तर तिला कापडवाल्याने दिलं असतं, तर ती पायरी उतरून चालू लागली असती. इथे मात्र तिला वाटलं, खरंच गर्दी दिसतेय, आपण मागे राहायला नको.

लिलाव रविवारी दुपारी चारला संपणार होता. ताई तीनपासून खिडकीत बसली. कुणीतरी एक जण सारखा तिच्या बोलीच्या वर जात होता, प्रत्येक वेळी अगदी थोडाच. ती वाढवायची, लगेच तोही वाढवायचा. तिने मनाशी ठरवलेला आकडा कधीच मागे पडला होता. चारला दोन मिनिटं असताना तो माणूस गप्प झाला आणि पडद्यावर अक्षरं उमटली: अभिनंदन.

ताई रडली. आनंदाने म्हणावं तर तसंही नव्हतं.

त्यामागे एक जुनी गोष्ट होती. बाबांचा हात थरथरू लागला आणि एका गिऱ्हाइकाच्या कानाला वस्तरा लागला. गिऱ्हाईक जुनं होतं, काही बोललं नाही. पण पुढच्याच आठवड्यात बाबांनी दुकान बंद केलं. आरसे एका दुकानदाराने नेले. खुर्ची नेली भंगारवाल्याने, वजनावर. ताई तेव्हा एकोणीस वर्षांची होती, नुकतीच कारखान्यात लागलेली. चार माणसं खुर्ची उचलून हातगाडीवर चढवत होती आणि बाबा मागच्या मोरीत पाठमोरे बसून कंगवे धूत होते. ज्या दुकानात यापुढे कुणाचे केस कापले जाणार नव्हते, त्या दुकानातले कंगवे. त्यांनी मान वळवूनही पाहिलं नाही. ताई आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही. पुढे बोलू लागली, पण त्या दिवसाबद्दल तिने कधी विचारलं नाही आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही. सहा वर्षांनी बाबा गेले. इतकी वर्षं ज्या खुर्चीने घर चालवलं, तिला एवढ्या सहज कसं जाऊ दिलं, हा प्रश्न तिच्या मनात तसाच राहिला.

खुर्ची बाराव्या दिवशी आली. दोघा हमालांनी ती दारात ठेवली. भावाने पुठ्ठा फाडला.

बसायला तपकिरी रेक्झिन होतं. पायाला ताजा पिवळट रंग फासलेला, बोट लावलं तर अजून किंचित चिकट. दांडा दाबला तर ढिम्म हलेना. ताई खाली बसली आणि जिथे बदक असायला हवं तिथून तिने हात फिरवला. एकदा, दोनदा, मग सगळ्या पायाभोवती. गुळगुळीत.

"वरून रंग दिला असेल," ती म्हणाली.

"टवका रंगाखालीही लागतो हाताला," भाऊ हळूच म्हणाला. 'सांगितलं होतं' असं तो म्हणाला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

त्याने जाहिरात पुन्हा उघडली. शेवटी 'अधिक वाचा' असं बारीक अक्षरात होतं. तिथे बोट लावल्यावर खाली ओळी उलगडल्या: 'छायाचित्रे नमुन्यादाखल. वस्तू जशी आहे तशी. परत घेतली जाणार नाही.' कापडातला केसाएवढा धागा पकडणाऱ्या ताईने त्या दोन शब्दांना बोटच लावलं नव्हतं.

"मी बदकच बघत बसले रे," ती म्हणाली.

तक्रार केली. ॲपच्या कंपनीचं उत्तर आलं की फोटो नमुन्याचे असल्याची सूचना जाहिरातीत होती, सबब काही करता येणार नाही. ताईने दोन दिवस मोबाइल हातात घेतला नाही. तिसऱ्या दिवशी भाची आली, भावाची मुलगी. ती एका ग्रंथालयात कामाला होती, हरवलेल्या पुस्तकांचा माग काढण्यात वाकबगार.

"आत्या, खुर्ची खोटी आली, पण फोटो तर खरे आहेत ना? मग ते कुणीतरी काढलेत. ज्याने काढले त्याच्याकडे खुर्ची असणार."

घरातल्या दोन मोठ्या माणसांना ही साधी गोष्ट सुचली नव्हती. भाचीने ते पाचही फोटो इंटरनेटवर शोधायला लावले. अर्ध्या तासात ते सापडले, सहा वर्षांपूर्वीच्या एका पानावर. एका निवृत्त यंत्र-कारागिराने जुन्या खुर्चीचा पंप कसा दुरुस्त केला ते टप्प्याटप्प्याने लिहून ठेवलं होतं, इतरांच्या उपयोगी पडावं म्हणून. विकायबिकायचा त्यात विषयच नव्हता. 'जुना ठेवा'ने ते फोटो सरळ उचलले होते.

ताईने त्याला मेल पाठवला, पण या वेळी ती पहिल्यासारखी तपासनीस झाली होती. बाबा कोण, दुकान कसलं, यातलं तिने काहीच लिहिलं नाही. फक्त विचारलं: 'फोटोत दिसत नाही अशी एखादी खूण या खुर्चीवर असली तर कळवाल का?'

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं.

'खूण आहे. बैठक उघडल्यावर आत लोखंडी पट्टी दिसते. तिच्यावर कुणीतरी बारीक कुंचल्याने, पांढऱ्या रंगात 'तेल' असं लिहून खाली तारखा घातल्या आहेत. एकूण सत्तावीस. मी त्या पुसल्या नाहीत. फोटो सोबत पाठवतो.'

ताईने फोटो उघडला. चारचा आकडा वर तोंड मिटलेला, सातच्या पोटात आडवी रेघ. दुकानाच्या दारावर भाव लिहिणारा बाबांचाच हात. ती एकेक तारीख वाचत खाली आली आणि शेवटच्या तारखेपाशी थांबली. तेरा मार्च.

खुर्ची गेली ती चौदा मार्चला. ताईला ती तारीख विसरणं शक्य नव्हतं, कारण कारखान्यातला पहिला पगार हातात घेऊन ती त्या दिवशी घरी आली होती.

"आदल्या दिवशी," ती भावाला म्हणाली. "वजनावर जाणार हे ठरलेलं होतं. मोडून तुकडे होणार होते तिचे. आणि यांनी आदल्या दिवशी तिला तेल दिलं. वर तारीखही घातली."

भाऊ चष्मा पुसत राहिला.

पुढच्या आठवड्यात दोघं बसने कारागिराकडे गेले. घर लहान, टापटीप, खिळ्यांवर हत्यारं ओळीने टांगलेली. खुर्ची मागच्या खोलीत नळाजवळ होती.

"भंगारवाल्याने ती मोडलीच नाही," कारागीर म्हणाला. "म्हातारा होईपर्यंत तो स्वतःच तिच्यात बसून वजन करायचा, असं त्याच्या मुलांनी सांगितलं. त्यांच्याकडून मी घेतली. माझ्या बायकोला चालता येत नव्हतं. केस धुवायचे म्हणजे तिला त्रास आणि माझीही कंबर मोडायची. हिच्यात बसवून वर घेतलं की मान बरोबर बेसिनला टेकायची. चार वर्षं, दर गुरुवारी." त्याने नळाची तोटी घट्ट केली. "आता दोन वर्षं झाली तिला जाऊन."

मग तोच म्हणाला, "तुमची असेल तर न्या. मी अडवणार नाही."

ताईने खुर्चीच्या हातावर हात ठेवला. येताना हेच वाक्य ऐकायला मिळावं असं तिला वाटत होतं, हे खरं होतं.

"नको," ती म्हणाली. "इथेच बरी आहे. मी मधूनमधून येईन, चालेल ना?"

"या की. पण बसा तरी आता. दोघंही बसा."

साठी उलटलेली बहीण आणि तिच्या पाठचा भाऊ त्या एका खुर्चीत दाटीवाटीने बसले. कारागिराने दांडा दाबला आणि खुर्ची जराही न कुरकुरता वर चढली. समोर होती फक्त भिंत आणि त्यावर टांगलेला पाना. तरी दोघं हसत होते.

कारागिराच्या त्या वेबपानाचा पत्ता आणि त्याने लिहून दिलेला कागद भाचीने कंपनीला पाठवला. परक्या वस्तूचे फोटो चोरल्याचं उघड झाल्यावर कंपनीला पैसे परत करावे लागले, 'जुना ठेवा'ही बंद झाला. पंधरा दिवसांनी तोच मजकूर, 'दुर्मीळ'मधल्या त्याच चुकलेल्या वेलांटीसकट, दुसऱ्या नावाखाली एका शिवणयंत्रावर दिसला. ताईने त्याचीही तक्रार केली. आता ती कुठलीही जाहिरात खालून वर वाचते.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी परतताना दोघं थांब्यावर उभे होते. भाऊ म्हणाला, "तेल देताना बाबा गुणगुणायचे, आठवतंय?"

"बाबा? गुणगुणायचे? काहीतरीच काय! ओठ आवळून काम करायचे ते."

"अगं, नाकातल्या नाकात. एकच ओळ, तीही बेसूर."

"तो समोरचा चांभार."

"चांभार शीळ घालायचा, ताई. बाबाच ते."

बस आली, दोघं चढले. जागा मिळाली तरी त्यांचं भांडण चालूच होतं.