सहा नंबरच्या खाटेवरची बाटली

मित्रांनो, मी एक जुना, उंच आणि थोडासा आगाऊ सलाईनचा स्टँड आहे. दवाखान्यात खाटेच्या उशाशी उभा असतो, डोक्यावर बाटली टांगायचे दोन आकडे, पायाला पाच चाकं आणि मधे नुसता दांडा, तो मी. मला पोट नाही, त्यामुळे काही पोटात ठेवणं जमत नाही. ऐकलं की सांगून मोकळा होतो.

माझा जन्म कारखान्यातला. ज्या लांबलचक नळीतून मला कापलं, तिच्या उरलेल्या तुकड्याचा म्हणे सर्कशीतला झोका झाला. माझा तो सख्खा भाऊ आयुष्यभर टाळ्या ऐकत राहिला आणि माझ्या वाट्याला आलं कण्हणं. खरं की खोटं, मला विचारू नका. सांगणारा वेल्डर होता, आणि वेल्डर बोलतो तोंडावर मुखवटा धरून. त्याचा चेहरा वाचणार कसा?

दवाखान्यात आलो तेव्हा माझा काय तोरा होता! मावशी, म्हणजे वॉर्डाची झाडलोट करणारी बाई, मला रोज फडक्याने असा चकाकवायची की पेशंट माझ्यात बघून भांग पाडायचे. ऑपरेशननंतर एका पैलवानाने पहिलं पाऊल टाकलं ते मला धरून. घरी जाताना त्याने डॉक्टरांना नमस्कार केला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. त्या थापेने मी गरगरत जो सुटलो तो थेट जिन्यापाशी. डोक्यावर टांगलेल्या बाटलीत काय आहे, हे मला लेबल न वाचता कळायचं. ग्लुकोज असलं की भिंतीवरच्या मुंग्या माना वर करतात. साधं सलाईन असलं तर ढुंकून बघत नाहीत.

पण एका गोष्टीचं मला फार कुतूहल होतं. बाटलीतलं पाणी नळीतून माणसाच्या हातात जातं, हे मी रोज बघत होतो. मग माणसाच्या हातून चूक झाली, की ती कुठे जाते?

रागाचं मी शोधून काढलं होतं. राग सलाईनसारखाच वरून खाली ठिबकतो. डॉक्टर मोठ्या सिस्टरांवर चिडले, की त्या चष्मा पुसत सिस्टरकडे येतात. सिस्टर मावशीवर खेकसते. मावशी कोपऱ्यात जाऊन बादलीला लाथ घालते. बादली बिचारी कुणाला बोलणार? तिच्या अंगावर इतके पोचे होते की पाणी भरलं तर निम्मंच मावायचं. पण चुकीचा माग मला लागत नव्हता. मोठा आवाज व्हायचा, आणि दुसऱ्या दिवशी चूक नाहीशी. जणू कुणीतरी ती खिशात घालून घरी नेली.

आमच्या वॉर्डात एक सिस्टर होती. पेशंटांनी तिचं नाव ठेवलं होतं कात्री. हात असा हलका की सुई टोचली तरी झोपलेला माणूस कूस बदलायचा नाही. पण जीभ अशी, की जागा माणूस पांघरुणात शिरायचा. दुसरी होती चिमणी. नवी, बारीक, भराभर बोलणारी आणि सावकाश काम करणारी. कात्री तिच्यावर सगळ्या वॉर्डादेखत ओरडायची.

"चिमणे, डोळे घरी ठेवून आलीस का?"

मग चार खाटांवरचे चार पेशंट चिमणीच्या डोळ्यांकडे बघायचे.

सुट्टीवर जायच्या आधी चिमणी माझ्याशेजारी उभी राहून फोनवर आईशी बोलत होती. "आई, अजून एकदा सगळ्यांसमोर बोलल्या ना, की ही नोकरी सोडते मी. बाबांच्या दुकानात बसेन, पुड्या बांधीन." आईने समजूत घातली असावी, कारण सुट्टी संपल्यावर ती आली. पण चेहरा असा, की निघण्याची पिशवी मनातल्या मनात भरूनच आलेली.

ती आली त्याच दुपारची ही गोष्ट.

माझी जागा खिडकीपाशी, सहा नंबरच्या खाटेजवळ. तिथे एक ट्रक ड्रायव्हर होता, पोटाचं ऑपरेशन झालेला. तोंडाने काही घ्यायचं नाही, म्हणून त्याला ग्लुकोज. पलीकडे भिंतीला पाच नंबरवर एक शिंपीकाका. पायाची जखम भरत नव्हती, कारण साखर वाढलेली. त्यांना ग्लुकोज वर्ज्य. काय लावायचं, काय नाही, हे सगळं लिहिलेली फाईल प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी टांगलेली असे. सिस्टर आपसात पेशंटना ओळखायच्या ते नंबरावरून. सहा नंबरला ताप आहे, पाच नंबर जेवला नाही, असं.

कात्रीची सकाळची पाळी संपत आली होती. शिंपीकाकांनी तिच्या खांद्यावरची पिशवी बघितली.

"सिस्टर, तुमच्या पिशवीचा बंद आज ना उद्या दगा देणार. द्या इकडे, चार टाके घालतो. पण इथे उजेड नाही हो, सुईत दोरा जायचा नाही."

"मग खिडकीत जाऊन बसा."

"तिथे हे साहेब आहेत."

ड्रायव्हर म्हणाला, "या की काका. नाहीतरी ऊन डोळ्यावर येतंय माझ्या. गाडीत निदान काचेला पडदा होता."

ड्रायव्हरची बाटली नुकतीच संपली होती, म्हणून कात्रीने दोघांना धरून खाटा बदलू दिल्या. माणसं हलली. फाइली आणि मी होतो तिथेच राहिलो.

दवाखान्यात पाळी बदलताना जाणारी सिस्टर येणारीला एकेका पेशंटचं सगळं सांगते. त्याला त्या 'ओव्हर देणं' म्हणतात. खरं तर ती खाटेपाशी उभं राहून द्यायची. पण खाली कात्रीचा नवरा स्कूटर घेऊन आला होता आणि हॉर्नवर हॉर्न वाजवत होता. तिने टेबलापाशीच उरकलं. "पाच नंबर साखरेचा, ग्लुकोज नाही. सहा नंबर पोटाचं ऑपरेशन, ग्लुकोज लावायचं. बाकी फाइलीत आहे. नीट वाच, नाहीतर वाचशील एक आणि करशील एक."

चिमणीने नीट वाचलं. अगदी बोट ठेवून वाचलं. दोघेही पेशंट ती सुट्टीवर असताना आलेले, तिने त्यांना कधी पाहिलेलं नाही. सहा नंबरची फाईल बघितली, ग्लुकोजची बाटली आणली, माझ्या डोक्यावर टांगली आणि नळी शिंपीकाकांच्या हातात औषधासाठी आधीच लावलेल्या सुईला जोडली.

मुंग्यांनी माना वर केल्या. मित्रांनो, मला बोलता येत नाही, याचं मला आयुष्यात एवढं वाईट कधी वाटलं नव्हतं. मी सगळा जोर लावून अंग हलवलं. बाटली खिडकीच्या गजावर टणटण वाजली. लोक म्हणतात, वारा होता. म्हणू देत.

तेवढ्यात कात्री आपली पिशवी न्यायला आली. शिंपीकाकांनी ती पुढे केली, "बघा, आता धोंडे भरलेत तरी तुटायची नाही." तिने पिशवी खांद्याला लावली, कौतुकाने बंद ओढून बघितला आणि सहज वर नजर टाकली.

आता ती ओरडणार, हे मला माहीत होतं. ड्रायव्हरलाही माहीत होतं, त्याने उशीत कान लपवले. चिमणी दोन खाटांपलीकडे उशी बदलत होती. कात्रीने श्वास घेतला, तोंड उघडलं आणि तिची नजर खांद्यावरच्या ताज्या टाक्यांवर गेली.

ती ओरडली नाही. तिने आधी नळीवरचं चाक फिरवून थेंब बंद केले. मग हळूच हाक मारली, "चिमणे, इकडे ये. बाटली बघ. आता ह्यांचा चेहरा बघ. हे शिंपीकाका, पाच नंबरचे."

चिमणीचा चेहरा भिंतीसारखा पांढरा झाला. कात्रीने तिला डॉक्टरांना बोलवायला पाठवलं आणि स्वतः काकांच्या बोटातून रक्त घेऊन साखर तपासली. "काका, तुम्हाला चुकीची बाटली लागली होती. थोडीच गेली आहे. साखर किंचित वाढली आहे, आम्ही लक्ष ठेवतोय."

"ग्लुकोज म्हणजे गोड ना?" काकांनी विचारलं. "बघा माझं नशीब. वर्षभर जिभेला गोड मिळालं नाही, आणि आज मिळालं ते हातातून."

डॉक्टर बघून गेले, घाबरण्यासारखं नाही म्हणाले. मागोमाग किल्ल्या वाजवत मोठ्या सिस्टर आल्या.

"कोणी लावली ही?"

"मी," चिमणी म्हणाली.

"फाईल बघितली होती?"

"बघितली होती."

"आणि माणूस बघितला होता?"

चिमणीने काकांकडे बघितलं. तिची मनातली पिशवी आता खांद्याला लागली होती, मला दिसत होती. इकडे कात्री उभी. ती गप्प राहिली असती तर तिचं नाव कुणी घेतलं नसतं. शिंपीकाका भला माणूस, ड्रायव्हर उशीत. आणि मी तर दांडा. खाली हॉर्न परत वाजला. मी श्वास रोखून बघत होतो. स्टँडला श्वास नसतो हे मला माहीत आहे, पण रोखला होता.

"थांबा," कात्री म्हणाली. "खाटा मी बदलू दिल्या. ओव्हर टेबलापाशी दिली, त्यात हे सांगितलं नाही. आणि कशासाठी बदलू दिल्या, तेही सांगते." तिने पिशवी खाटेवर ठेवली. "ह्याच्यासाठी."

मोठ्या सिस्टरांनी चष्मा वर केला आणि पिशवी उलटून पाहिली. "टाके चांगले आहेत," त्या म्हणाल्या. वॉर्डात कुणाला हसावं की नाही ते कळेना. मग त्या काकांच्या पायथ्याशी स्टूल ओढून बसल्या. "आता दोघी मिळून पहिल्यापासून सांगा. कोणी केलं ते समजलं मला. कसं झालं ते सांगा."

त्या दिवशी राग कुणावर ठिबकला नाही. कात्रीने नवऱ्याला घरी पाठवलं आणि साखर उतरेपर्यंत चिमणीबरोबर थांबली. बाटली काढता काढता म्हणाली, "हे बघ, माझा तुझ्यावर राग नाही असं नाही. तू हळू आहेस, तुझं निम्मं काम माझ्या अंगावर येतं. ते मी बोलणारच. पण बाजूच्या खोलीत बोलेन."

"बोला ना ताई. फक्त ते 'डोळे घरी ठेवून आलीस का' नका म्हणू. आईला फार लागलं ते."

"तुझ्या आईला कुणी सांगितलं?"

चिमणी माझ्याकडे बघायला लागली. जणू मीच फोन केला होता.

त्यानंतर पेशंट हलला की फाईल हलायची. ओव्हर खाटेपाशीच व्हायची. बाटली लावायच्या आधी माणसालाच नाव विचारायचं ठरलं. शिंपीकाका कुरकुरायचे, "रोज काय विचारता? रात्रीतून बदलणार आहे का मी?" पण सांगायचे.

पुढे माझ्या अंगावर गंज चढला. नवे, बटणांवर चालणारे स्टँड आले. आता मी सिस्टरांच्या कपडे बदलायच्या खोलीत असतो, अंगावर ओले रेनकोट घेऊन. मला पुसायचं कुणाच्या ध्यानात नसतं.

पण मी वॉर्डात होतो तेव्हाची एक दुपार सांगायची राहिली. काकांना घरी जाऊन बरेच दिवस झाले होते. कात्री माझ्यावर बाटली टांगत होती. चिमणी चालत आली, यावेळी न बोलावता.

"ताई, चार नंबरच्या आजोबांची दुपारची गोळी द्यायची राहिली माझ्याकडून. कुणाच्या लक्षात आलेलं नाही. मीच सांगतेय."

खिशातली चूक अशी आपण होऊन बाहेर आलेली मी पहिल्यांदाच पाहिली. कात्रीचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. शब्द अगदी ओठांवर आले होते. तिने माझा दांडा घट्ट धरला, इतका घट्ट की तिची बोटं लोखंडात उमटली. हवं तर येऊन बघा. मग तिने हात सोडला.

"चल, दाखव," ती म्हणाली.

मित्रांनो, जुन्या स्टँडला कधी फडकं लावावंसं वाटलं, तर जरूर लावा. मी ऋणी राहीन. फक्त मधोमध त्या चार बोटांच्या खुणा आहेत ना, तेवढ्या घासू नका.