स्वभावाला औषध

मुकादमनं आपली खुर्ची नवऱ्याच्या शेजारून ओढत टेबलाच्या पलीकडे नेली आणि ती बरोबर त्याच्यासमोर बसली.

"इथून बोलते. शेजारी बसलं की माणसाचं तोंड दिसत नाही."

मुकादम हे तिचं नाव नव्हे. एका मोठ्या इस्पितळाच्या लाँड्रीत ती बायकांच्या पाळीवर देखरेख करायची. व्यसनमुक्ती केंद्रात आल्याच्या दुसऱ्या सकाळी चादरींच्या घड्यांवरून तिनं वॉर्डबॉयला असं काही झापलं, की तेव्हापासून सगळे तिला मुकादमच म्हणू लागले. ओल्या चादरींचे पिळे उपसून उपसून तिचा खांदा गेला होता. डॉक्टरांनी दुखण्यावर गोळ्या दिल्या. दुखणं ओसरलं, गोळ्या राहिल्या. आधी चिठ्ठीवर, मग चिठ्ठीशिवाय, मग पिठाच्या डब्यामागे लपवून. एका सकाळी न्हाणीघराचं दार फोडून तिला बाहेर काढावं लागलं, तेव्हा कुठे घरानं तिला इथे आणलं.

आज घरच्यांची भेट होती. नवरा इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. कॉलेजात जाणारी मुलगी खिडकीपाशी बसून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. समुपदेशक मॅडम वयानं लहान, पण बोलणं मऊ आणि मापाचं.

"ताईंची स्वभावाची चाचणी घेतली आपण," त्या म्हणाल्या. "राग पटकन येतो, धीर कमी, माघार घेणं जमत नाही. अशा माणसांना तल्लफ जरा जोरात येते. दोष देत नाही मी. फक्त ओळखून असावं."

"मी तरी दुसरं काय सांगतोय?" नवरा पुढे सरसावला. "मूळचीच तापट हो ही. लग्नात फोटोवाल्याशी भांडली होती! मी तेव्हाच ओळखलं. स्वभावाला औषध नाही, मॅडम."

मुकादमनं तळहात साडीला पुसले.

"होतं की," ती म्हणाली.

"काय होतं?"

"स्वभावाला औषध. तेच तर खात होते मी."

नवरा हसला, मग कोणीच हसत नाही हे पाहून थांबला.

"आठवा जरा," ती म्हणाली. आवाज चढत होता आणि तिनं तो चढू दिला. "गेल्या वर्षी तुमच्या बहिणीनं न विचारता माझी शिलाईची मशीन उचलून नेली. मी काय म्हटलं? असू दे म्हटलं. तुम्ही चार चार दिवस घरात शब्द बोलत नव्हता, तरी मी गाणी गुणगुणत पोळ्या लाटत होते. शेजारणीला तुम्ही काय सांगितलंत? आमची ही आता किती निवळली! म्हणालात की नाही?"

"अगं, चांगलंच बोललो ना मी."

"चांगलंच! गोळी पोटात असली की मी चांगली. आणि लाँड्रीत? इस्त्रीच्या मोठ्या रुळांपुढची जाळी तुटली होती. पोरींचे हात आत जातील म्हणून मी रोज मॅनेजरच्या डोक्याशी कटकट करायची. गोळ्या सुरू झाल्या आणि माझी कटकट बंद. जाळी तशीच राहिली. त्यानं सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. बाई सुधारल्या, म्हणे! टाळ्या वाजवल्या लोकांनी."

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"आणि आता तुम्ही सांगताय की माझ्या स्वभावानं मला गोळीकडे नेलं. मॅडम, तल्लफ मला येते, रोज येते, खोटं कशाला बोलू? पण कधी येते ते विचारा. कोणी म्हटलं ना, जरा गोड बोल, की येते. अंगावर काटा येतो, जबडा आवळतो. वाटतं, घ्यावी एक आणि व्हावं सगळ्यांना हवं तसं."

बाहेरच्या व्हरांड्यात कोणीतरी बादली आपटली. नवऱ्यानं शर्टाची कॉलर सैल केली. मग तो मॅडमकडे वळला आणि आवाज खाली आणून म्हणाला,

"घरी सोडाल तेव्हा हिला शांत राहायला काहीतरी द्याल ना? साधंसंच. सवय न लागणारं."

मुकादमनं मुलीकडे पाहिलं. निदान घरातलं एक माणूस तरी आपल्या बाजूचं असावं, एवढीच तिची अपेक्षा होती.

मुलगी ओढणीकडे बघत म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय?"

"डब्यामागे काय आहे ते. खूप आधीपासून. दार फोडायच्या कितीतरी आधी."

"मग बोलली का नाहीस?" हे नवऱ्यानं विचारलं.

"आई हसायची ना तेव्हा," मुलगी म्हणाली. "माझ्या केसांना तेल लावायची. मार्क कमी पडले तरी ओरडायची नाही. बोलले असते तर बंद झालं असतं."

मुकादमच्या छातीत धगधगणारं काहीतरी एकदम विझलं. आणि त्या रिकाम्या जागेत तल्लफ आली, आल्या दिवसापासून आली नव्हती एवढी. तिनं टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली.

"ताई?" मॅडमनी विचारलं. "आली?"

"आली," ती म्हणाली. "आत्ता कोणी समोर ठेवली तर गिळेन."

नवऱ्यानं मान फिरवली. मुलीनं नाही फिरवली.

"घरी आलीस की पुन्हा ओरडत सुटशील?" तिनं विचारलं.

"हो."

"माझ्यावर पण?"

"तुझ्यावर आधी."

"मग मीही ओरडेन!" मुलगी उभी राहिली. तिचा आवाज चिरकला. "मला नाही आवडत तू अशी! मला ती हसणारी आई आवडायची, आणि ती खोटी होती म्हणे! मला सांगितलं का कोणी?"

"अगं, हळू," नवरा दार लावायला उठला. "लोक ऐकतायत."

"राहू द्या उघडं," मुकादम म्हणाली. तिचे दात एकमेकांवर वाजत होते. "बोल तू."

मुलगी बोलू लागली. दार फोडलं त्या सकाळपासून सुरुवात करून मागे मागे जात राहिली. त्यात काही खरं होतं, काही चुकीचं होतं, एक तर सरळसरळ अन्यायाचं होतं. मुकादम टेबलाची कड धरून बसली होती. तिनं मध्ये तोंड घातलं नाही.