छत्तीस मिनिटांचं विमान

"आपल्या विमानतळावरून डोंगरापलीकडच्या विमानतळावर पोचायला विमानाला किती वेळ लागतो?" गणिताच्या सरांनी कार्ड वाचलं आणि हात वर करायच्या आधीच तडतडीचं तोंड उघडलं.

"एक तास पाच मिनिटं!"

"चूक. छत्तीस मिनिटं."

अख्खा वर्ग खो-खो हसला. प्रश्नमंजूषेच्या संघात एकच जागा उरली होती आणि ती मिळायला तडतडीला अर्धा गुण कमी पडत होता. पण गप्प बसली तर ती तडतडी कसली!

"छत्तीस आले कुठून, सर?"

"नकाशावर पट्टी ठेवली. अंतर तीनशे किलोमीटर. विमानाचा वेग तासाला पाचशे. दे भाग."

"पट्टी डोंगरातून आरपार जाते, सर. विमान नाही जात!"

सरांनी चष्मा वर सरकवला. माणूस वाईट नव्हता, फक्त त्यांची सगळी विमानं फळ्यावरच उडत. "हे बघ, 'माझं चुकलं' एवढं म्हण. अर्धा गुण देऊन टाकतो. कशाला ताणतेस?"

"म्हण ना गं, बावळट!" मागच्या बाकावरून कुजबुज आली.

शब्द जिभेच्या टोकापर्यंत आलेही. पण मग तिला आत्या आठवली. आत्या विमानतळावर चाकांना लाकडी ठोकळे लावते आणि काढते. इथले ठोकळे निघाले की तिचं घड्याळ सुरू, तिकडे लागले की बंद. मधलं रांगणं, थांबणं, डोंगराला वळसा, सगळं त्यात धरायचं. रोज जेवताना ती तो आकडा सांगते, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं इतक्या सहज.

"नाही म्हणणार," तडतडी म्हणाली. "शाळा चारला सुटते, विमान साडेचारचं आहे. घड्याळ घेऊन या, सर."

सर आले. बहुतेक तिची जिरवायलाच. आत्याला तडतडीने फोनवर आधीच सगळं सांगून ठेवलं होतं. कुंपणाच्या जाळीला नाक लावून दोघं उभे राहिले. चार बत्तीसला आत्याने ठोकळे ओढले. विमान रांगत धावपट्टीच्या टोकाला गेलं आणि तिथेच थांबलं.

"बंद पडलं?"

"समोरून एक उतरायचंय, सर."

उडेपर्यंत दहा मिनिटं गेली. वर उडून ते डोंगराकडे पाठ करून भलतीकडेच वळलं. सरांचं तोंड उघडंच राहिलं.

"आधी उंची नको गाठायला?" आत्या हात पुसत जाळीपाशी आली. "हेच का गं ते छत्तीसवाले?"

"आत्या!"

पाच वाजून आठ मिनिटं झाली. तडतडीने घसा खाकरला. "सर, तुमचं विमान पोचलं. आमचं अजून हवेतच आहे."

पाच छत्तीसला आत्याचा फोन वाजला. तिकडच्या सोबतिणीने चाकांना ठोकळे लावले होते.

"चौसष्ट!" सर चटकन म्हणाले. "म्हणजे तुझंही चुकलं."

"चुकलं की. एका मिनिटाने. तुमचं किती मिनिटांनी?"

सरांनी खिशातून कार्ड काढलं, आत्याकडून पेन्सिल मागून घेतली आणि छत्तीस खोडलं. "घे अर्धा गुण. आलीस संघात."

"अर्धा तर माफी मागण्याचा होता. मी मागितलीच नाही. पूर्ण द्या."

आत्या तोंडावर हात धरून हसली. सरांनी पूर्ण गुण लिहिला आणि ते पुटपुटले, "माझं चुकलं."

"ऐकू नाही आलं, सर! इथे विमानांचा फार आवाज असतो."

धावपट्टीवर तेव्हा एकही विमान नव्हतं.