बरणीतले खडे

"हे बघा, माझ्या सख्ख्या बहिणीच्या यकृतातले खडे!" मेहुण्याने बर्फाच्या डब्यातून बरणी काढून उंच धरली. हॉलमध्ये त्याच्या शिबिराला आलेल्या साठ-सत्तर जणांनी माना पुढे काढल्या.

शेवटच्या रांगेतल्या काचपट्टीने बरणीवरचं लेबल ओळखलं. तारीख त्याच्या बायकोच्या अक्षरात होती.

काचपट्टी हे त्याला प्रयोगशाळेतल्यांनी ठेवलेलं नाव. चौतीस वर्षं तो काचेवर लोकांची विष्ठा पसरून सूक्ष्मदर्शकाखाली जंतांची अंडी शोधत आला होता. माणसांशी मात्र मान वर करून बोलणं त्याला कधी जमलं नव्हतं.

"ऑलिव्ह तेल, लिंबाचा रस आणि एप्सम मीठ," मेहुणा सांगत होता. "रात्री प्यायचं, सकाळी खडे, जंत, सगळी घाण बाहेर!"

बायकोने ते तीनदा प्यायलं. डोळे पिवळे झाले, तेव्हा मेहुणा म्हणाला, विष बाहेर पडतंय. डॉक्टरांकडे नेलं तोवर कर्करोगाची गाठ हाताबाहेर गेली होती. तिला जाऊन चार महिने झाले. चार महिने काचपट्टी मेहुण्याचं पडलेलं तोंड डोळ्यांसमोर आणून जेवत होता. तेवढ्यानेच घास उतरायचा.

तो उठला.

"भाऊजी, तुम्ही? या की, पुढे या!"

"खडे आहेत, तर बर्फात कशाला ठेवलेस रे?"

उत्तराची वाट न बघता त्याने पिशवीतून स्पिरिटचा दिवा काढून पेटवला. चमच्यात एक हिरवा खडा घेऊन ज्योतीवर धरला. बघता बघता खड्याचं पाणी झालं.

"अगं बाई, हा तर वितळला!" पुढची बाई ओरडली.

"तेल आहे ते. पोटात जाऊन साबणासारखं गोठलेलं."

"आणि आमच्या ह्यांनी वाटीभर जपून ठेवलेत, पाहुण्यांना दाखवायला!" मागून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला.

मेहुण्याचं तोंड पडलं. अगदी मनात घोळवलं होतं तसंच. पण लगेच तो माईककडे वाकला.

"आणि ताईने ही बरणी दाखवली, तेव्हा तुम्ही काय म्हणालात? फोनवर नुसती नाचत होती. 'ह्यांनी तपासलं, खडेच आहेत म्हणाले!'"

हॉलमधल्या माना काचपट्टीकडे वळल्या. नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. खरं-खोटं सांगायला ती नव्हती. त्या सकाळी ती कित्येक महिन्यांनी हसली होती. त्याने तपासायची काच हातातही घेतली नव्हती. "हो, खडेच," एवढंच म्हणाला होता.

"मी तपासलंच नव्हतं," काचपट्टी म्हणाला. "ती खूश होती, म्हणून खोटं बोललो. म्हणून ती आणखी दोनदा प्यायली. तू पाजलंस, मी शिक्का मारला. माझं सांगून झालं. आता तू सांग, सगळ्यांसमोर."

मेहुण्याने माईक बंद केला. खुर्च्या सरकू लागल्या. काचपट्टीने बरणी उचलून पिशवीत टाकली. कुणी अडवलं नाही.

घरी येऊन त्याने गरम पाण्याचा नळ सोडला. खडे एकेक करून वितळले, बेसिनभर हिरवट तवंग आला. तीनदा साबण लावून त्याने बरणी आतून घासली. लेबलाची बाजू मात्र वर धरली होती. तिच्यावर त्याने पाण्याचा एक थेंब पडू दिला नाही.