रुईचा करवला

भारतीय फौजा हैदराबाद शहरात शिरल्या त्या सकाळी, चिक्कडपल्लीत भगवंतराव वकिलांच्या अंगणात, त्यांच्या मेलेल्या मुलाला हळद लागत होती.

बाळकृष्ण पहाटे गेला. विषमज्वराने. लढाईच्या त्या दिवसांत रस्ते ओस पडले होते आणि येतो म्हणालेला डॉक्टर आलाच नाही. आदल्या संध्याकाळी वरच्या खोलीत मी त्याच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत होतो, आणि खाली रेडिओवर निजामाच्या शरणागतीची बातमी ऐकून भगवंतराव आनंदाने रडत होते. त्या अश्रूंना दुसरे कारण मिळायला एक रात्र पुरली.

मी एकनाथ, त्या घरातला भाडेकरू, शाळेत मराठी शिकवणारा मास्तर. शेजारी एवढेच सांगतील. माझ्या नि बाळकृष्णाच्या खोलीच्या भिंतीला दोन खुंट्या होत्या आणि कित्येक वर्षे त्यांतली एकच वापरात होती. जो आधी घरी येईल त्याची शेरवानी खाली, दुसऱ्याची तिच्यावर. सकाळी घाईत कोण कुणाची घालून बाहेर पडे, याचा हिशेब आम्ही ठेवला नव्हता. एवढ्या सगळ्याला भाषेने एकच शब्द दिला होता, मित्र. तो शब्द त्या सकाळी मला थुंकून टाकावासा वाटत होता.

आदल्या वर्षी हैदराबादने दिल्लीशी वर्षभराचा ‘जैसे थे’ करार केला, तेव्हा बाळकृष्णाने जेवताना वडिलांपुढे तसाच करार मांडला होता. वर्षभर माझ्या लग्नाचा विषय काढायचा नाही, जे आहे ते तसेच राहू द्यायचे. वकिली बाण्याचा मसुदा ऐकून भगवंतराव हसले आणि कबूल झाले. त्याच्या आईने, मालनबाईंनी, आपण साक्षीदार असल्याचे सांगून त्याला वाटीभर आमटी जास्त वाढली.

जिन्यात मी त्याला विचारले, “आणि वर्ष संपल्यावर?”

“नक्को बोले तो नक्को,” तो म्हणाला. घरात शुद्ध मराठी बोलणारा हा माणूस निर्वाणीचे तेवढे दखनीत बोलायचा. मग अंधारात त्याने माझा हात आपल्या हातात घेतला, आणि सबंध संस्थानात त्या क्षणी कुणाचे राज्य आहे याची मला पर्वा उरली नाही.

करार अजून संपला नव्हता. पण त्यांच्या घराण्याचा रिवाज कराराहून जुना होता. अविवाहित गेलेल्या मुलाचे अग्नी देण्याआधी रुईच्या झाडाशी लग्न लावायचे, नाहीतर त्याचा जीव उंबऱ्यात अडकतो. हळद, मुंडावळ्या, अंतरपाट, मंगलाष्टके, सगळे यथासांग. फक्त नवरा आडवा.

“जिवंतपणी प्रत्येक स्थळाला हुलकावणी दिली,” बाळकृष्णाचे चुलते दत्तोबा कुणाला तरी म्हणाले, “आता बरा सापडला.” दोघे-तिघे ओठ दाबून हसले. दुःखाच्या घरी माणसे हसतात, ते मी समजू शकतो. पण ते हसणे जिंकणाऱ्यांचे होते.

मालनबाईंनी मला बाजूला बोलावले आणि रुई आणायला सांगितले. मुळांसकट हवी, म्हणाल्या. त्याच्यासाठी मी एवढे केले, तर हे शेवटचेही मीच करावे. त्यांचा आवाज इतका कोरडा होता की नकार तोंडातच राहिला. नाल्यापर्यंत जाताना मी ठरवले, रिकाम्या हाताने परतायचे आणि मिळाली नाही म्हणायचे. पण काठभर रुईच रुई होती, जांभळट फुलांनी भरलेली, निर्लज्जपणे जिवंत. मी एक रोप दोन्ही हातांनी उपटले. तुटल्या पानांतून पांढरा चीक बोटांवर ओघळला आणि वाळून काळा पडू लागला. वाटेत माणसे तिरंगे घेऊन धावत होती. सगळे शहर कुणाच्या तरी तावडीतून सुटत होते, आणि मी त्याच्यासाठी बेडी घेऊन चाललो होतो.

अंगणात रुईला हिरवी चोळी गुंडाळली गेली. भगवंतरावांनी मुलाच्या कपाळाला मुंडावळ्या बांधल्या. गाठ नीट बसेना, तेव्हा त्यांनी त्याचे डोके थोडे उचलले. त्या डोक्याचे वजन मला ठाऊक होते. माझ्या खांद्याला ठाऊक होते.

“करवला तूच,” ते मला म्हणाले. “तू त्याचा जिवलग मित्र.”

अंतरपाटाचे एक टोक माझ्या हातात आले, दुसरे दत्तोबांच्या. अंतरपाट म्हणून धरलेल्या पंच्याच्या या बाजूला बाळकृष्ण, त्या बाजूला झाड. गुरुजींनी मंगलाष्टके सुरू केली, खालच्या आवाजात, उरकल्यासारखी. अक्षता त्याच्या मिटल्या पापण्यांवर पडत होत्या. त्याने हात उचलून त्या झटकल्या नाहीत, हे मला सोसवेना. ज्याने आयुष्यभर एकच गोष्ट नाकारली, त्याच्यावर तीच लादायला या माणसांनी त्याचा श्वास थांबायची वाट पाहिली होती.

शेवटचे अष्टक संपले. अंतरपाट सोडा, असे गुरुजींनी सांगितले. दत्तोबांनी आपले टोक सोडले. मी ते खाली पडू दिले नाही. दुसऱ्या हाताने झेलले आणि पंचा दोन्ही हात पसरून धरून उभा राहिलो.

“सोड ना रे मास्तर, मुहूर्त काय तुझ्यासाठी थांबणार?” दत्तोबा म्हणाले.

“नक्को बोले तो नक्को,” मी म्हणालो.

मालनबाईंनी मान वर केली. ते शब्द कुणाचे हे त्या घरात सर्वांना माहीत होते. भगवंतराव उठून माझ्यासमोर आले. सबंध आयुष्य कोर्टात उलटतपासण्या घेतलेला तो माणूस अगदी हळू बोलला.

“आमच्या मुलाबद्दल आम्हाला सांगणारा तू कोण?”

“त्याने ज्याला हो म्हटलं होतं, तो.”

रस्त्यावरून एक मिरवणूक ओरडत गेली. मग मालनबाई वाकल्या आणि त्यांनी मुलाच्या कपाळावरच्या मुंडावळ्यांची गाठ सोडायला घेतली. भीती त्यांना होतीच, ती काही गेली नव्हती.

“अडकला उंबऱ्यात, तर अडकू दे,” त्या म्हणाल्या. “इथंच राहील.”

भगवंतरावांनी माझ्याकडे पुन्हा पाहिले नाही. भिंतीकडे तोंड करून त्यांनी मला खोली आजच रिकामी करायला सांगितले. तिरडी उचलताना मी पुढे झालो, तर दत्तोबांनी माझ्या छातीवर हात ठेवून मला मागे सारले. ज्या खांद्यावर तो झोपायचा, तोच त्यांना त्याच्याखाली नको होता. मी पंचा त्याच्या अंगावर टाकला. तेवढे मात्र कुणी काढून घेतले नाही.

ते गेल्यावर अंगणात मी होतो आणि चोळी गुंडाळलेली ती रुई. पाने माना टाकू लागली होती. तिला लाथ मारून दूर उडवावे, इतका माझा संताप होता. मग दिसले की मूळ अजून ओलसर आहे, आणि उपटले होते ते मीच. तिलाही कुणी विचारले नव्हते. मी चोळी सोडली आणि तिला घेऊन बाहेर पडलो.

कोपऱ्यावर लोक एकमेकांना पेढे भरवत होते. एका अनोळखी माणसाने माझ्यापुढे पेढा धरला. “लेव ना मियाँ, आपण आजाद झाले,” तो म्हणाला. मी त्याच्याकडे असे काही पाहिले असेल की त्याचा हात आपोआप खाली गेला.

नाल्याकाठी तो खड्डा तसाच होता. मी रोप त्यात बसवले, माती दाबली. आता डोळे वाहू लागले, आणि मला ते पुसता येईनात; बोटांना रुईचा चीक होता, आणि तो डोळ्यांत गेला की डोळे जातात.