घोट्यावरचा हात

पुनमने रजिस्टरमधलं चौथं नाव पुकारलं, तेव्हा कमरुद्दीन प्लास्टरची पट्टी पाण्यात भिजवत होता.

"लटारू सोनुले. राजोलीकडचे. डावा पाय, गुडघ्याखाली."

पट्टी पाण्यातच राहिली. भिजलेलं प्लास्टर हातात धरून बसायचं नसतं, पाच मिनिटांत त्याचा दगड होतो, हे त्यानेच पुनमला शिकवलं होतं. पुनम दारातून डोकावली. "कमरुभाऊ, पाठवू का त्यायले?"

"पाठव," तो म्हणाला आणि घट्ट झालेला गोळा काढून कोपऱ्यातल्या टोपल्यात टाकला.

मूल गावातल्या या केंद्रात तो दोन वर्षं सात महिने कृत्रिम पाय बनवत होता. एका ट्रस्टचं केंद्र, दोन खोल्या आणि एक लांब पडवी. चंद्रपूर आणि गडचिरोली, दोन्ही जिल्ह्यांतून माणसं येत. कुणाचा पाय सापाने नेलेला, कुणाचा साखरेने, कुणाचा ट्रॅक्टरने. रोज सकाळी पुनम रजिस्टरमधली नावं पुकारायला लागली की तो कान द्यायचा. एकाच नावाची वाट बघायचा. ते नसलं की सुटल्यासारखं वाटायचं, आणि दुपारपर्यंत तेच सुटलेपण त्याला टोचायला लागायचं.

आज ते नाव आलं होतं.

लटारू कुबड्यांवर आत आला. अडतीस-चाळीसचा, काटक, दाढीचे खुंट पांढरे झालेले. मागे त्याची बायको गुणाबाई, हातात पिशवी. कमरुद्दीनने त्याला याआधी एकदाच जवळून पाहिलं होतं, आणि तेव्हा त्याचं तोंड धुळीने माखलेलं होतं.

"बसा भाऊ. पाय वर घ्या."

लटारूने धोतराचा सोगा बाजूला केला. कमरुद्दीन त्याच्यासमोर खाली बसला आणि उरलेल्या पायाला हात लावला. गरम होता. जिवंत माणसाच्या पायासारखाच गरम.

*

केंद्रात येण्याआधीची गोष्ट. गडचांदूरकडच्या एका चुनखडीच्या खाणीत ठेकेदाराचे डंपर चालायचे आणि त्यांच्या दुरुस्तीच्या शेडमध्ये कमरुद्दीन मोठा मिस्त्री होता. एकोणीस वर्षांची नोकरी. इंजिन चालू करायला लावून तो नुसता कान द्यायचा आणि बिघाड सांगायचा. डंपरच्या ब्रेकमध्ये हवा असते. त्या दिवशी चौदा नंबरच्या गाडीचं पेडल दाबलं की मागच्या चाकाजवळ फुस्स असा बारीक आवाज येत होता. आतलं रबर फाटलं होतं. नवं रबर स्टोअरमध्ये नव्हतं.

"सोमवारी सामान येऊन राह्यलं," सुपरवायझर म्हणाला. "दोन दिवसानं काय होते? तुमी सही मारा."

तपासणीच्या कागदावर 'ब्रेक ठीक' असं छापलेलंच होतं. समोर फक्त खूण करून खाली सही करायची होती. कमरुद्दीनने केली. अशा सह्या त्याने आधीही केल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता गाडी उतारावर थांबली नाही. रस्त्याच्या कडेला सांडलेले दगड उचलायला दोन भाऊ होते. धाकटा गोपाल, चोवीस वर्षांचा, तो जागीच गेला. थोरला लटारू, त्याचा पाय गेला. कमरुद्दीन शेडमधून धावत पोचला तेव्हा लोक जॅक लावत होते. त्याने जॅक हातात घेतला, कारण तो सगळ्यांत चांगला त्यालाच लावता यायचा.

चौकशी झाली. कागद पाहिले गेले. तपासणी आदल्याच दिवशी झालेली, मिस्त्रीची सही आहे, ब्रेक ठीक होते. अचानक निकामी झाले असावेत. कुणाचाच दोष नाही, असं ठरलं. साहेबांनी कमरुद्दीनच्या पाठीवर हात ठेवला आणि वर्षअखेरीस त्याला फोरमन केलं.

मग तो आवाज घरी यायला लागला. कुकरची शिटी सुटण्याआधी. स्टँडवर एसटी थांबताना. मशिदीत वजूच्या नळात हवा अडकली की. फुस्स. नमाजेला उभा असताना तो मधेच थांबून मागे बघायचा. बायको अख्तरीने चंद्रपूरच्या डॉक्टरला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत.

एकदा मेहुण्याला घेऊन तो मूलला या केंद्रात आला. मेहुण्याचा पाय बसवून होईपर्यंत तो पडवीत उभा राहून कारागिराचे हात बघत होता. भट्टीत प्लास्टिकचा पाइप तापवायचा, मऊ झाला की साच्यावर ओढायचा, थंड झाला की कापायचा. तो कारागीर म्हातारा होता, त्याला हाताखाली माणूस हवा होता. आयटीआय झालेला फिटर चालेल, शिकवू, म्हणाला.

"खाणीत पाय गेलेले येतात का इथी?" कमरुद्दीनने विचारलं.

"दोन जिल्ह्यांत दुसरं ठिकाण कुठी आहे? आज ना उद्या सारेच येतात."

अडतीस हजारांची नोकरी सोडून तो बारा हजारांवर आला. अख्तरीने शिवणयंत्र माळ्यावरून खाली काढलं, तेल घातलं. मग म्हणाली, "एक बात पूछूँ? कोण्या फकिरानं सांगितलं का तुमाले?"

"नाई."

"मग काऊन?"

त्याने तिला सहीची गोष्ट सांगितली. त्याआधी कुणालाच सांगितली नव्हती. अख्तरीने यंत्राचं चाक एकदा फिरवून पाहिलं. "ठीक आहे," एवढंच म्हणाली.

मुलीला, आयशाला मात्र काही सांगता आलं नाही. ती नागपूरला फार्मसी शिकत होती. वसतिगृह सोडून तिला चंद्रपूरच्या कॉलेजात यावं लागलं. लोक तिला म्हणायचे, तुझे अब्बा नेकीचं काम करून राह्यले, त्यांच्या मनाला शांती भेटली असंन. ती एकदा जेवताना बोलून गेली, "शांती तुमाले भेटली अब्बू. गेलं ते माझं गेलं." तो मान खाली घालून जेवत राहिला. कारण शांती भेटलीच नव्हती, आणि हे तिला सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

काम मात्र त्याला मनापासून आवडायला लागलं होतं. हे त्याला चोरीसारखं वाटे. धानोऱ्याकडची सुकरी नावाची म्हातारी पाय बसवल्याबरोबर उठली, पडवीच्या पायऱ्या उतरली आणि कुणाशी एक शब्द न बोलता फाटकाबाहेर चालायला लागली. तिच्या नातवाला तिच्यामागे पळावं लागलं. त्या दिवशी कमरुद्दीन एकटाच हसत बसला होता. एकोणीस वर्षांत कुठल्या डंपरने त्याला असं हसवलं नव्हतं. आणि हसता हसता त्याच्या मनात आलं, हे सुख गोपालच्या मरणातून आलं आहे.

*

त्याने लटारूच्या पायावर ओली पट्टी गुंडाळायला घेतली.

"दुखते का कुठी?"

"आहे तिथी नाई दुखत," लटारू म्हणाला. "नाई तिथी वाटते."

"बोटं खाजवतात. होते तसं. साऱ्यायलेच होते."

"खाजवत नाई." लटारू खिडकीकडे बघत होता. "घोट्याले हात आहे."

कमरुद्दीनची बोटं थांबली. गुणाबाई पिशवी चाचपत म्हणाली, "ते नका सांगू न आता."

"विचारलं त्यायनं, म्हणून सांगतो. माह्या भावाचा हात होये. तो खाली पडला होता. मी ओढाले गेलो तं त्यानं माह्या घोट्याले धरलं. घट्ट. मंग चाक आलं." तो सरळ आवाजात सांगत होता, जणू दुसऱ्याच कुणाची हकिगत. "पाय दवाखान्यात कापून टाकला. हात नाई सुटला. अजून धरूनच आहे. कधी ढिला, कधी घट्ट."

"म्हणून तं येत नव्हते," गुणाबाई म्हणाली. "तीन वर्सं मी मांगं लागली. म्हणत, नवा पाय लावला न हात सुटला तं?"

प्लास्टर हळूहळू गरम होत घट्ट झालं. कमरुद्दीनने ठसा काढला, त्यावर पेन्सिलने नाव लिहिलं.

"उद्या दहाले या," तो म्हणाला. "आज पडवीत झोपाची सोय आहे. जेवण पुनम देईन."

त्या दिवशी त्याने दुसरा कुठलाच पाय घेतला नाही. लटारूच्या ठशात प्लास्टरचा पातळ घोळ ओतला, साचा काढला, कानशीने घासला. हाड जिथे पुढे येतं तिथे जागा ठेवली. गाडीचं यंत्र जुळवताना हात जसे आपोआप चालत तसे चालू दिले नाहीत. प्रत्येक वेळी थांबून पुन्हा बघितलं. पाइप दोनदा तापवला. पहिल्यावर बारीक सुरकुती आली होती. आतून, कुणाला दिसली नसती. त्याने तो फेकला आणि दुसरा घेतला.

दुसऱ्या दिवशी लटारू दोन दांड्यांच्या मधे उभा राहिला. नवा पाय अंगाखाली, तळाशी रबराचं पाऊल. गुणाबाई पदर तोंडावर धरून भिंतीशी. तो एक पाऊल गेला, दुसरं गेला, टोकाला पोचून वळला.

"लागते का?"

"नाई."

"बसून पाहा. मांडी घालून."

लटारू खाली बसला, उठला. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. कमरुद्दीनने पुनमला बाहेरून पाणी आणायला पाठवलं. मग तो लटारूच्या समोर आला. किती दिवस तो हे वाक्य मनात घोकत होता. आता ते तोंडातून अगदी साधं निघालं.

"त्या गाडीचा ब्रेक खराब होता. मले मालूम होतं. तरी कागदावर सही मी केली."

"मालूम आहे, मिस्त्री," लटारू म्हणाला.

केंद्रात कुणी त्याला मिस्त्री म्हणत नसे. कमरुद्दीनने दांडी धरली.

"वकिलानं कागद वाचून दाखवला होता. नाव होतं खाली. इथी तुमी आहा, हेबी मालूम होतं. गावचा एक जण पाय लावून गेला, त्यानं सांगतलं."

"मंग तुमी..."

"पाय तं तुमीच देसान. दुसरं कोण देते इथी?" लटारूने नव्या पायावर वजन टाकून पाहिलं. "गोपाल कुठून देसान?"

गुणाबाईने भिंतीकडे तोंड केलं. त्याला वाटलं होतं, हा माणूस ओरडेल, कुबडी उगारेल. किंवा कदाचित, अगदी आत कुठेतरी वाटलं होतं, म्हणेल की झालं ते झालं.

"मी लिहून देतो," तो म्हणाला. "ब्रेक खराब होता म्हणून. जिथी द्या लागते तिथी देतो. मले पकडलं तरी चालते."

"द्या," लटारू म्हणाला. "तीन वर्साआधी द्या लागत होतं. पण द्या." मग नव्या पायाकडे बघत, "माफी मांगू नका मले. थे मले जमत नाई."

पुनम पाण्याचा तांब्या घेऊन आली. लटारूने पाणी घेतलं नाही. कुबड्या भिंतीला टेकवलेल्या होत्या त्या त्याने गुणाबाईकडे दिल्या, आणि तो पडवीतून चालत गेला.

*

कमरुद्दीनने लिहून दिलं. चंद्रपूरच्या सरकारी ऑफिसात त्या कागदावर शिक्का बसला, आणि पुन्हा चौकशी होईल असं त्याला सांगितलं गेलं. ती अजून सुरू व्हायची होती. त्या रात्री त्याने आयशाला समोर बसवून सगळं सांगितलं. सकाळी कॉलेजला जाताना तिने त्याचा डबा भरून ठेवलेला होता. असं ती पूर्वी कधी करत नसे.

बसवलेले पाय कसे चालतात ते बघायला केंद्राची गाडी वर्षातून एकदा गावोगाव फिरते. श्रावण लागला होता, धानाचं रोवणं अर्ध्यावर आलं होतं. राजोलीच्या पुढे रस्ता संपला तिथे गाडी थांबली आणि कमरुद्दीन एकटाच शेतांमधल्या बांधांवरून, धुऱ्याधुऱ्याने आत गेला.

लटारू गुडघाभर चिखलात वाकून धान रोवत होता. बायकांच्या रांगेत तो एकटाच बाप्या. कमरुद्दीनला पाहून तो धुऱ्यावर आला, बसला आणि पाय पुढे केला. कमरुद्दीनने चिखल पुसला, पट्टा पाहिला, तळव्याची कड दाबून पाहिली.

"चांगला आहे."

"चालते."

वारा रोपांवरून गेला. कमरुद्दीनने पट्टा परत लावला आणि खाली बघतच विचारलं, "हात?"

लटारूने रांगेकडे पाहिलं. बांधीत, चिखलाच्या त्या वावरात, गुणाबाई रोपांची पेंढी सोडत होती.

"आहे," तो म्हणाला. "चालतानी नाई कळत. बसलो का धरते." मग उठून उभा राहिला. "राहू दे. त्याले तरी कोण आहे दुसरं."

आणि तो बांधीत उतरून आपल्या रांगेत गेला. परत वळून बघितलं नाही.

कमरुद्दीन परत निघाला. ओल्या धुऱ्यावर लटारू सकाळी शेतात आला त्याचे ठसे होते. उजव्या पायाची बोटं चिखलात फाकलेली, प्रत्येक वेगळं. डाव्याची पाचही एकमेकांना चिकटलेली, रबराच्या साच्यातून निघाली तशीच. धुरा अरुंद होता, एका माणसाच्या चालीपुरता. कमरुद्दीनने चपला काढून हातात घेतल्या, शेजारच्या न रोवलेल्या बांधीत उतरला, आणि पोटऱ्यांपर्यंत चिखलातून, ठशांच्या कडेकडेने, गाडीकडे चालत गेला.